जुन्या फोटोशॉपसाठी संगणक कसा निवडावा: तालुक्याच्या गावातील स्टुडिओचालकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

विदर्भातील तालुक्याच्या गावांत आणि मोठ्या खेड्यांत लग्नाचे अल्बम, पासपोर्ट फोटो, सत्काराचे फ्लेक्स आणि फाटक्या-डागाळलेल्या जुन्या फोटोंची दुरुस्ती करणारे अनेक स्टुडिओ आजही फोटोशॉप ७, सीएस२, सीएस३ किंवा सीएस६ या जुन्या आवृत्त्यांवरच चालतात. यामागे ठोस कारणे आहेत. हात त्या आवृत्तीवर बसलेला असतो, वर्षानुवर्षे जमवलेल्या अ‍ॅक्शन (एका कळीवर ठरावीक पावले करणाऱ्या नोंदी) आणि फिल्टर तिच्यातच चालतात, मराठी मजकुरासाठी जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरलेले असतात आणि सॉफ्टवेअरचे पैसे एकदाच भरलेले असतात. २०१२ साली आलेली सीएस६ ही एकदाच पैसे भरून कायमची वापरता येणारी फोटोशॉपची शेवटची आवृत्ती; २०१३ पासून पुढच्या सर्व आवृत्त्या वर्गणीवर गेल्या. त्यामुळे जुन्या सॉफ्टवेअरवर राहण्याचा निर्णय समंजस असू शकतो, मात्र त्यासाठी संगणक निवडताना नेहमीचा हिशेब लागू पडत नाही.

सर्वसाधारणपणे आधी संगणक घेतला जातो आणि मग त्यावर सॉफ्टवेअर चढवण्याची खटपट सुरू होते. येथे क्रम उलटा ठेवावा लागतो. प्रथम सॉफ्टवेअरची आवृत्ती निश्चित करावी, तिच्यावरून विंडोज ठरवावी, त्या विंडोजवर आपला स्कॅनर आणि प्रिंटर चालतो का ते तपासावे आणि या तिन्ही गोष्टी पक्क्या झाल्यावरच यंत्राकडे वळावे.

आधी आवृत्ती आणि विंडोज

फोटोशॉप ७ हे २००२ सालचे सॉफ्टवेअर. ते विंडोज ९८ पासून एक्सपीपर्यंतच्या काळासाठी लिहिलेले असून त्याची किमान गरज अवघी १२८ एमबी रॅम एवढी होती. सीएस३ हे २००७ चे, एक्सपी आणि व्हिस्टासाठीचे. सीएस६ हे एक्सपी सर्व्हिस पॅक ३ आणि विंडोज ७ साठीचे. प्रत्यक्षात सीएस३ आणि सीएस६ विंडोज ७ तसेच विंडोज १० वर व्यवस्थित चालतात. फोटोशॉप ७ देखील तेथे बहुधा चालते, पण मेमरी आणि स्क्रॅच डिस्क (रॅम कमी पडल्यावर फोटोशॉप डिस्कवर वापरते ती तात्पुरती जागा) यांबाबत अधूनमधून तक्रार करते. त्यावरचे उपाय पुढे दिले आहेत.

३२ बिट आणि ६४ बिट हा फरक येथे कळीचा आहे. विंडोजवर ६४ बिटची आवृत्ती फोटोशॉपमध्ये प्रथम सीएस४ पासून आली. त्याआधीच्या सर्व आवृत्त्या ३२ बिटच्या आहेत, म्हणजे यंत्रात कितीही रॅम बसवली तरी त्यांना तिचा ठरावीक हिस्साच वापरता येतो. फोटोशॉप ७ साठी ही मर्यादा २ जीबी आहे. शिवाय ३२ बिटचे जुने फिल्टर ६४ बिटच्या फोटोशॉपमध्ये उघडतच नाहीत. सीएस६ मात्र ६४ बिट विंडोजवर दोन्ही रूपांत बसते. त्यामुळे जुन्या फिल्टरसाठी एक आणि मोठ्या फायलींसाठी दुसरे, अशी सोय होते. आवृत्ती निवडण्याची मोकळीक आणि अधिकृत परवाना हाती असेल, तर सीएस६ घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे.

विंडोजच्या बाबतीत तीन मार्ग दिसतात. विंडोज एक्सपीचा पाठिंबा एप्रिल २०१४ मध्ये, विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. म्हणून एक्सपी किंवा विंडोज ७ चे यंत्र इंटरनेटला न जोडता केवळ कामापुरते ठेवणे हा पहिला मार्ग. पाठिंबा असलेली विंडोज ११ घेऊन त्यावर सीएस३ किंवा सीएस६ चालवणे हा दुसरा. नव्या विंडोजच्या पोटात व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमधून एक्सपी चालवणे हा तिसरा. यासाठी किमान ८ जीबी रॅम हवी आणि बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू करावी लागते. पासपोर्ट फोटो आणि लहानसहान दुरुस्तीसाठी तिसरा मार्ग पुरेसा आहे. मोठ्या अल्बम शीटवर मात्र तो संथ पडतो.

ज्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा स्कॅनर आहे, त्यांनी या टप्प्यावर घाई करू नये. अनेक जुन्या स्कॅनरचे ड्रायव्हर फक्त ३२ बिट विंडोजसाठी निघाले आणि कंपनीने नंतर नवे काढलेच नाहीत. जुने फोटो दुरुस्त करणे हा धंद्याचा मोठा भाग असेल, तर एकटा स्कॅनरच ३२ बिट विंडोज ७ घ्यायला लावू शकतो. मग ४ जीबीपेक्षा जास्त रॅम घेण्यात अर्थ नाही, कारण ३२ बिट विंडोज तेवढीच रॅम ओळखते आणि त्यातलीही काही राखून ठेवते. लिपीच्या सॉफ्टवेअरचे कुलूप म्हणून मिळालेले जुने डोंगल पॅरलल पोर्टचे असेल, तर मदरबोर्डवर तो पोर्ट आहे का तेही पाहावे. तसेच काही फार जुन्या सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर १६ बिटचे असतात आणि ६४ बिट विंडोज ते चालवत नाही.

कामाचा आकार मोजून घ्यावा

रॅम आणि डिस्क किती हवी हे दुकानदाराला विचारण्यापेक्षा आपल्या फायलीवरून काढावे. आपल्याकडे चालणारी १२ बाय ३६ इंचांची अल्बम शीट ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) घेतली, तर ती ३६०० बाय १०८०० पिक्सेलची होते. प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरले, तर एका सपाट थराला (लेयरला) सुमारे १११ एमबी लागतात. नवरा-नवरीचे कटिंग, मागचा देखावा, फुलांची नक्षी, सावल्या असे दहा मोठे थर चढले की फाइल १ जीबीच्या घरात जाते. त्यात हिस्टरीमध्ये साठवलेली मागची पावले मिळवली की फोटोशॉप ७ ची २ जीबीची मर्यादा सहज भरते. तेथून पुढचे सगळे काम स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे हार्डडिस्कवर केले जाते, आणि संगणक अडखळतो तो याच जागी. याउलट, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा पासपोर्ट फोटो ३०० डीपीआयवर जेमतेम ४१३ बाय ५३१ पिक्सेलचा असतो. तेवढे काम कोणतेही चालू स्थितीतले यंत्र करते.

फ्लेक्सचे गणित वेगळे आहे. फोटोशॉप ७ मध्ये चित्राची कोणतीही बाजू ३०,००० पिक्सेलपेक्षा मोठी करता येत नाही, म्हणजे ३०० डीपीआयवर जेमतेम सव्वाआठ फूट. १० बाय २० फुटांचा फलक ७२ डीपीआयवर केला तर तो ८६४० बाय १७२८० पिक्सेलचा, एका थराला सुमारे ४३० एमबीचा होतो. लांबून पाहिल्या जाणाऱ्या फलकाला याहून कमी रिझोल्यूशनही चालते, आणि ते कमी करण्यास पैसे पडत नाहीत.

यंत्र: पैसा कोठे घालावा आणि कोठे वाचवावा

सर्वांत जास्त फरक एसएसडीने (फिरती तबकडी नसलेल्या वेगवान डिस्कने) पडतो. साधी हार्डडिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी देते, तर साटा एसएसडी ५०० एमबीच्या आसपास. आणि स्क्रॅचचे काम विखुरलेले असल्याने प्रत्यक्षातला फरक या आकड्यांहून अधिक जाणवतो. सर्वांत उत्तम मांडणी म्हणजे विंडोज आणि सॉफ्टवेअर एका एसएसडीवर, स्क्रॅचसाठी दुसरी लहान एसएसडी आणि ग्राहकांचे फोटो साठवण्यासाठी मोठी हार्डडिस्क. एकच एसएसडी परवडत असेल, तर तिच्यावर ४० ते ६० जीबीचा वेगळा भाग पाडून तो केवळ स्क्रॅचला द्यावा. इंटेल प्रोसेसरच्या चौथ्या पिढीच्या आसपासच्या बहुतेक मदरबोर्डवर एनव्हीएमई डिस्कवरून (अधिक वेगवान नव्या प्रकारच्या एसएसडीवरून) संगणक सुरू होत नाही आणि विंडोज ७ ला तिच्यासाठी वेगळा पॅचही लागतो, म्हणून तेथे अडीच इंची साटा एसएसडीच घ्यावी. एक्सपीला एसएसडीची नीट ओळख नाही. ट्रिमची (पुसलेली जागा एसएसडीला मोकळी करून देण्याची) सोय त्यात नसल्याने डिस्क कालांतराने मंदावते.

प्रोसेसरबाबत दुकानात कोअरची संख्या सांगून भुलवले जाते. जुन्या फोटोशॉपचे ब्रश, थर हलवणे, फाइल साठवणे असे बहुतेक काम एक-दोन कोअरवरच चालते, त्यामुळे कोअर कमी पण घड्याळी वेग जास्त असलेला प्रोसेसर येथे सरस ठरतो. बारा-सोळा कोअरचे जुने झिऑन वर्कस्टेशन दिसायला भारदस्त आणि किमतीला स्वस्त असते, पण त्याचा एकेक कोअर मंद असतो आणि ते वीज व उष्णता दोन्ही जास्त ओढते. त्याच्या वाटेला जाऊ नये.

विंडोज ७ ठेवायची असेल, तर इंटेलची चौथी पिढी, उदाहरणार्थ आय५ ४५७० किंवा ४५९०, ही योग्य निवड आहे. सहाव्या पिढीपासून मदरबोर्डवरील जुन्या यूएसबीचा आधार गेला, त्यामुळे विंडोज ७ चढवताना कीबोर्ड-माउसच चालत नाहीत आणि ड्रायव्हर आधी घालून ठेवावे लागतात; सातव्या पिढीपासून तर अंगभूत ग्राफिक्सचे ड्रायव्हरच विंडोज ७ साठी अधिकृतपणे मिळत नाहीत. विंडोज ११ घ्यायची असेल, तर आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (मदरबोर्डवरील सुरक्षेची सोय) हवे. अशा वेळी आय३ १०१०० किंवा आय३ १२१०० सारखा साधा प्रोसेसर जुन्या फोटोशॉपला पुरून उरतो.

रॅमचा निर्णय सोपा आहे. फोटोशॉप ७ ते सीएस३ साठी ६४ बिट विंडोजवर ८ जीबी घ्यावी. सॉफ्टवेअर स्वतः ती सगळी वापरत नसले, तरी उरलेली रॅम विंडोज डिस्कवरच्या फायली हाताशी ठेवण्यासाठी वापरते आणि स्क्रॅचचा वेग वाढतो. सीएस६ च्या ६४ बिट रूपासाठी १६ जीबी घ्यावी. एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा सारख्या दोन पट्ट्या घ्याव्यात.

ग्राफिक्स कार्डवर फोटोशॉप ७ ते सीएस३ साठी एक रुपयाही घालवू नये, कारण नेहमीच्या फोटोकामात त्या आवृत्त्या त्याचा उपयोगच करत नाहीत. सीएस४ पासून पडद्यावरचे झूम आणि फिरवणे, तर सीएस६ मध्ये लिक्विफाय आणि काही ब्लर ग्राफिक्सवर चालतात. तेथेही अंगभूत ग्राफिक्स बऱ्यापैकी काम भागवते.

वाचलेले पैसे मॉनिटरला द्यावेत. आपण रंग पाहतो तो येथेच, आणि नेमके येथेच हात आखडता घेतला जातो. २२ ते २४ इंची, आयपीएस पॅनेलचा, १९२० बाय १०८० चा मॉनिटर घ्यावा. जुन्या स्वस्त टीएन पॅनेलवर मान जरा हलली की नवरीच्या शालूचा रंग बदलतो आणि चेहऱ्याचा उजळपणा ठरवता येत नाही. फोर-के मॉनिटर मात्र टाळावा, कारण सीएस६ पर्यंतच्या फोटोशॉपमधील चिन्हे त्यावर इतकी बारीक दिसतात की दिवसभर काम करणाऱ्याचे डोळे शिणतात. मॉनिटर आणल्यावर त्याचा उजळपणा, म्हणजे ब्राइटनेस, कमी करावा. ज्या लॅबमध्ये अल्बम छापतो तेथून वेगवेगळ्या त्वचेच्या रंगांची एक शीट एसआरजीबी या रंगप्रणालीत छापून आणावी आणि पांढऱ्या उजेडात ती पडद्याशेजारी धरून दोन्हींचा मेळ घालावा.

सेकंडहँड यंत्र घेताना

कार्यालयांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क किंवा लेनोव्हो थिंकसेंटर या कामासाठी उत्तम असतात. ते नागपूरच्या सीताबर्डीत पाहावेत किंवा अमरावती-अकोल्यातील दुकानांत, पण विजेवर चालवून पाहिल्याशिवाय उचलू नयेत. एक गोष्ट आधी समजून घ्यावी. ऑप्टिप्लेक्स ७०२० आणि ९०२० सारख्या यंत्रांचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) नेहमीच्या २४ पिनांचा नसून कंपनीच्या ८ पिनांचा असतो. तो जळाला तर तालुक्याच्या दुकानात दुसरा मिळत नाही आणि ऐन लग्नसराईत शहरातून मागवावा लागतो. अशी यंत्रे घेतल्यास जादा एसएमपीएस सोबतच घेऊन ठेवावा, किंवा साध्या मदरबोर्डचे असेम्बल यंत्र निवडावे.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर आपली सर्वांत जड अल्बम शीट आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर न्यावे. डिस्क किती तास चालली आहे आणि तिच्यावर खराब सेक्टरची नोंद आहे का, हे ते सांगते. झाकण उघडायला लावावे: मदरबोर्डवरील कपॅसिटर वरून फुगलेले नसावेत, पंख्याच्या पात्यांवर धुळीचा चिकट थर नसावा, रॅमच्या रिकाम्या खाचा मोडलेल्या नसाव्यात. नंतर शक्य असल्यास दुकानदाराच्या फोटोशॉपमध्ये आपली शीट उघडून तिच्यावर मोठ्या त्रिज्येचा गॉशियन ब्लर चालवावा आणि ती साठवून पाहावी. हेच काम तेथल्या दुसऱ्या यंत्रावर करून वेळ ताडली, तर दुकानदाराच्या बोलण्यावर अवलंबून राहावे लागत नाही. यंत्र अर्धा तास चालू ठेवून मगच पैसे द्यावेत.

वीज, अर्थिंग आणि उन्हाळा

आपल्या भागात संगणक जुना होऊन मरत नाही. तो विजेने आणि उष्णतेने मरतो. म्हणून हा खर्च यंत्राच्या किमतीतच धरला पाहिजे.

ग्राफिक्स कार्ड नसलेले कार्यालयीन यंत्र मॉनिटरसह साधारण शंभर-सव्वाशे वॉटमध्ये चालते. ६०० व्हीएचा यूपीएस त्याला दहा-पंधरा मिनिटे तग धरायला लावतो, म्हणजे लाइन गेल्यावर शीट साठवून यंत्र नीट बंद करण्यापुरता वेळ मिळतो. तासन्‌तास काम करायचे असेल, तर साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्यावा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर काही चांगले एसएमपीएस चक्क बंद पडतात. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचे बटण असते, ते चालू ठेवले तर लाइन जाताना संगणक पुन्हा सुरू होत नाही. परंतु संध्याकाळी डीपीवर भार वाढून व्होल्टेज खाली आले की याच मोडमध्ये इन्व्हर्टर वारंवार बॅटरीवर जातो आणि बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. अशा ठिकाणी इन्व्हर्टरच्या आधी स्टॅबिलायझर बसवावा. लेझर प्रिंटर मात्र यूपीएस किंवा लहान इन्व्हर्टरला कधीही जोडू नये.

अर्थिंगची तपासणी स्वतः करू नये, वायरमनकडून करून घ्यावी. मल्टीमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांमधला दाब मोजला असता तो दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नाही असेच समजावे. आपल्या काळ्या मातीत ही अडचण हंगामानुसार बदलते. पावसाळ्यात ठीक असलेले अर्थिंग एप्रिल-मे मध्ये जमीन भेगाळून कोरडी पडली की निकामी होते, कारण कोरड्या मातीतून वीज जमिनीत उतरत नाही आणि भेगांमुळे सळईभोवतीचा मातीचा स्पर्शही सुटतो. म्हणून खड्ड्यात मीठ-कोळसा घालून नळी ठेवावी आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला तिच्यात पाणी ओतावे. मृगाच्या सुमारास विजा कडाडू लागल्या की यंत्राचा प्लग आणि ब्रॉडबँडची तार, दोन्ही काढून ठेवावीत.

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि स्टुडिओत कूलर लावण्याशिवाय इलाज नसतो. कूलर खोली थंड करतो, पण त्याच्या वाऱ्याबरोबर पाण्याचे सूक्ष्म तुषार येतात. ते आत बसलेल्या धुळीवर पडले की मदरबोर्डवर ओला थर जमतो आणि क्षार साचून खाचा गंजतात. रॅम काढून पुसल्यावर संगणक सुरू होतो, हा अनुभव ज्यांना वारंवार येतो त्यांनी सर्वप्रथम कूलरची दिशा पाहावी. कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात नसावे, ते जमिनीवर नसून टेबलावर असावे आणि त्याच्या मागे वीतभर मोकळी जागा असावी. जिनिंगच्या जवळच्या गावांत कापसाचे तंतू पंख्यात आणि हीटसिंकमध्ये नमद्यासारखे बसतात. तेथे हंगामात दर पंधरवड्याला ब्लोअर मारावा. सेकंडहँड यंत्राची थर्मल पेस्ट घेतल्या घेतल्या बदलावी.

यंत्र आणल्यावरची मांडणी

फोटोशॉप बसवल्यावर प्रेफरन्सेसमध्ये जाऊन पहिली स्क्रॅच डिस्क म्हणून वेगळा पाडलेला भाग निवडावा. जुन्या आवृत्तीत मोठ्या डिस्कवर भरपूर जागा असूनही स्क्रॅच डिस्क भरल्याची तक्रार आली, तर सुरू करतानाच कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरावे म्हणजे डिस्क निवडण्याची खिडकी उघडते. तेथे तोच लहान भाग द्यावा. प्रेफरन्सेस बिघडल्या असतील, तर याच वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट तिन्ही दाबून त्या मूळपदावर आणता येतात. हिस्टरीची पावले २० वरून १० वर आणावीत. मेमरीचा हिस्सा ५० टक्क्यांवरून वाढवायचा असेल तर हळूहळू वाढवावा, कारण फार वाढवला की विंडोजच गुदमरते.

नव्या काळाच्या फायलींची सोय वेगळी करावी लागते. आयफोनच्या एचईआयसी आणि इंटरनेटवरच्या वेबपी फायली या आवृत्त्या उघडत नाहीत; त्या जेपीजीत बदलून घ्याव्यात. नव्या कॅमेऱ्याच्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या मूळ) फायली सीएस३ ला कळत नाहीत, मात्र अ‍ॅडोबीच्या मोफत डीएनजी कन्व्हर्टरमध्ये जुन्या कॅमेरा रॉशी सुसंगत पर्याय निवडून त्यांचे डीएनजी केले की उघडतात. हे सगळे, तसेच ग्राहकांचे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो आणि पेनड्राइव्हची व्हायरस तपासणी, पाठिंबा असलेल्या विंडोजच्या दुसऱ्या साध्या यंत्रावर करावी आणि स्वच्छ फायलीच कामाच्या यंत्रात न्याव्यात. विंडोज ७ वर क्रोम २०२३ पासून अद्ययावत होत नाही, म्हणून त्या यंत्रावरून बँकेचे किंवा ऑनलाइन अर्जांचे काम मुळीच करू नये.

सॉफ्टवेअर मूळ सीडीवरून आणि स्वतःच्या क्रमांकावरूनच चढवावे. फुकटात फिरणाऱ्या प्रतींसोबत काय येते हे आपल्या हाती नसते. फोटोशॉप ७ ला ऑनलाइन अ‍ॅक्टिव्हेशन लागत नव्हते, ते विंडोजवर २००३ च्या सीएसपासून आले, आणि त्या काळातील काही सर्व्हर आता बंद आहेत. सीएस२ चे २०१२ च्या अखेरीसच बंद झाले. म्हणून जुन्या यंत्रावर चालू असलेले फोटोशॉप नवे यंत्र पूर्ण सिद्ध होईपर्यंत काढून टाकू नये. यंत्रात डीव्हीडी ड्राइव्ह नसेल तर यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह घ्यावा आणि सीडीवर ओरखडे पडण्याआधी तिची इमेज काढून ठेवावी.

विंडोज, ड्रायव्हर, फॉन्ट, फिल्टर आणि अ‍ॅक्शन असे सगळे बसून एक अल्बम विनातक्रार पार पडला की क्लोनझिला या सॉफ्टवेअरने त्या एसएसडीची संपूर्ण प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यावी. ही प्रत दुसऱ्या एसएसडीवर उतरवून तिच्यावरून यंत्र सुरू होते का, हे तुळशीच्या लग्नाआधीच एकदा करून पाहावे, आणि ती हार्डडिस्क स्टुडिओत न ठेवता घरी ठेवावी.